पहिलं बिल हातात पडायच्या आधी: कोल्हापुरात नवीन घर लावणाऱ्यांसाठी

राजारामपुरीत आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. जून आला की तिथं नवीन माणसं राहायला येतात. कधी विद्यापीठात शिकायला आलेली पोरं, तर कधी गोकुळ शिरगावला कंपनीत लागलेलं नवीन जोडपं. सामान लागतं, दूधवाला ठरतो, आणि महिना सव्वा महिन्यानं कुणीतरी हातात कागद घेऊन जिना उतरून येतं. "काकू, एवढं बिल कसं काय आलं ओ?"

त्यांना दर वेळी जे समजावून सांगते, ते एकदा नीट लिहून ठेवते आहे. घरखर्चात भाडं ठरलेलं असतं, किराण्यात हात आखडता घेता येतो. वीज, गॅस आणि पाण्याचे पैसे मात्र कुठं जातात ते दिसत नाही, म्हणून त्यांची भीती वाटते. ते एकदा दिसायला लागलं की निम्मं काम झालं.

राहायला जायच्या दिवशी मीटरसमोर उभं राहा

सामानाचा टेम्पो रिकामा व्हायच्या आधी हे करा. मीटरचा फोटो काढा, त्यात आकडा आणि मीटरचा नंबर दोन्ही स्पष्ट यायला हवेत. तो फोटो घरमालकांना त्याच दिवशी पाठवा. आधीच्या भाडेकरूची युनिटं तुमच्या गळ्यात पडली, तर हा एक फोटो भांडण मिटवतो.

मग मालकांकडून मागच्या महिन्याचं बिल मागून घ्या. त्यात तीन गोष्टी बघायच्या. बिलावरचा मीटर नंबर भिंतीवरच्या मीटरशी जुळतो का? जुन्या इमारतीत एका फळीवर सहा-सात मीटर असतात आणि तिथं अदलाबदल झालेली मी पाहिली आहे. दुसरं म्हणजे थकबाकी आहे का. तिसरं, ग्राहक क्रमांक. तो १२ आकडी असतो, मोबाईलमध्ये नोंदवून ठेवा, पुढं प्रत्येक कामाला तोच लागतो. घर विकत घेत असाल तर थकबाकीचा मुद्दा आणखी गंभीर होतो. जुन्या मालकानं बुडवलेलं बिल नव्या मालकाच्या मानगुटीवर बसू शकतं, म्हणून खरेदीखताआधी शेवटचं भरलेलं बिल बघितल्याशिवाय सही करू नका.

स्वतंत्र मीटर नसेल आणि मालक सबमीटरवर पैसे घेणार असतील, तर युनिटमागे किती घेणार ते पहिल्याच दिवशी विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही. आमच्याकडंही आधी वरखाली मिळून एकच मीटर होता. दोन्ही घरांची मिळून महिन्याला २४० युनिटं व्हायची. पहिली १०० स्वस्त दरानं, उरलेली १४० महाग दरानं. वरच्या खोल्यांना वेगळा मीटर घेतल्यावर दोघांची १२० च्या आसपास आली. आता दोन्ही घरांना आपापली पहिली १०० स्वस्त मिळतात आणि महाग दर लागतो तो फक्त २०-२० युनिटांना. स्थिर आकार, म्हणजे दरमहाची ठरलेली रक्कम, दोनदा भरावा लागतो हे खरं, तरीही हिशेब फायद्याचाच राहिला. एका मीटरवर दोन चुली असतील तर मालकांशी बसून हे गणित मांडा. त्यात त्यांचंही नुकसान होतंय.

लाल दिवा मोजायला शिका

हे माझं सगळ्यात आवडतं काम, आणि याला पाच मिनिटं लागतात.

मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ छापलेलं असतं, इतके इम्पल्स म्हणजे एक युनिट. आमच्या मीटरवर ३२०० लिहिलंय. तुमच्यावर वेगळा आकडा असेल तर तो धरा. दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट जळलं.

आता घरातलं सगळं बंद करा. फ्रीजचं बटणसुद्धा. मुख्य स्विच चालूच ठेवा. दिवा स्थिर राहायला हवा. तो तरीही लुकलुकत असेल तर काहीतरी चालू राहिलंय, नाहीतर वायरिंगमधून वीज गळतेय. मग मुख्य स्विचही बंद करा. तरी दिवा लुकलुकतोय? मग मीटर आणि स्विचच्या मधून कुणाचीतरी वायर गेलेली आहे किंवा मीटरच बिघडलाय. अशा वेळी स्वतः हात घालू नका. घरातली गळती असेल तर परवानाधारक वायरमन बोलवा, मीटरपाशी शंका असेल तर महावितरणकडं तक्रार नोंदवा. तक्रारीसाठी १९१२ हा क्रमांक आहे.

सगळं ठीक असेल तर मजेचा भाग सुरू होतो. नुसता एक जुना पंखा लावा. तो साधारण ७५ वॅटचा असतो, मिनिटाला चार वेळा लुकलुक होईल. मग पंखा बंद करून गिझर लावा. दोन हजार वॅटचा गिझर असेल तर मिनिटाला शंभराच्या वर लुकलुक होते, मोजताना जीभ अडखळते. गेल्या वर्षी वर राहणारी मुलगी हे बघून म्हणाली, "काकू, मी पोरांना पंखा बंद करा म्हणून ओरडत होते आणि गिझर तासभर तसाच असायचा." पंखा बंद करायची सवय चांगलीच. पण बिल कोण वाढवतंय ते तिला त्या मिनिटात कळलं.

बिल वाचायचं कसं

बिलाच्या रकमेत चार-पाच भाग असतात. स्थिर आकार म्हणजे वीज वापरा न वापरा, द्यायचाच. वीज आकार म्हणजे युनिटांचे पैसे. वहन आकार म्हणजे तारांवरून वीज आणायचे, तेही युनिटामागं. इंधन समायोजन आकार कमी-जास्त होत राहतो. आणि या सगळ्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्क.

यात तुमच्या हातातलं काय? टप्पे. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या वर असे आहेत. दुसऱ्या टप्प्यातला विजेचा दर पहिल्याच्या दुपटीहून जास्त आहे. पुष्कळांचा समज असतो की १०० च्या वर एक युनिट गेलं की सगळंच बिल महाग दरानं लागतं. तसं होत नाही. महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण याचा अर्थ नीट ध्यानात घ्या: तुमचा वापर १३० असेल तर तुम्ही वाचवलेली पहिली ३० युनिटं ही सगळ्यात महाग युनिटं आहेत. वाचवायची ती तिथंच. रीडिंग महिन्याऐवजी ३५ दिवसांनी घेतलं गेलं तर टप्पेही त्या प्रमाणात वाढवून धरले जातात, त्यामुळं चार दिवस उशीर झाला म्हणून घाबरायचं कारण नाही.

"मागील रीडिंग" आणि "चालू रीडिंग" हे दोन आकडे दर महिन्याला बघा. दोघंही नोकरीला आणि दाराला कुलूप असलं की रीडिंग मिळत नाही आणि सरासरीनं बिल येतं. महावितरणच्या ॲपवरून स्वतः रीडिंग पाठवता येतं, ते करा. आम्ही कॅलेंडरवर दर एक तारखेला आकडा लिहितो. दुधाच्या खाड्यांच्या शेजारीच.

घरात तीन फेजची जोडणी असेल आणि मोटर, एसी असं मोठं काही नसेल तर मालकांना त्याबद्दल विचारा. तीन फेजचा स्थिर आकार एका फेजच्या तिपटीहून अधिक असतो. नवीन फ्लॅटमध्ये बिल्डरनं सरसकट तीन फेज घेतलेलं असतं आणि कुणी विचारतच नाही.

आणि एप्रिल-मेमध्ये सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल आलं तर दचकू नका. मागच्या वर्षाच्या वापरावरून ठेव पुन्हा ठरवतात, महिन्याच्या बिलावर असलेल्यांना सरासरी बिलाच्या दुप्पट. तिच्यावर व्याजही मिळतं. ही ठेव ज्याच्या नावावर जोडणी आहे त्याची, त्यामुळं भाडेकरूनं ती आपल्या खिशातून भरायची नसते.

पैसे उष्णतेत जातात

माझं ठाम मत झालंय: ज्या वस्तूला काही तापवायचं असतं, ती वस्तू बिल खाते. गिझर, इस्त्री, शेगडी, हीटरची कांडी. दिवे आणि पंखे त्यांच्यापुढं किरकोळ.

अंघोळीचं पाणी घ्या. वीस लिटरची बादली साध्या पाण्यापासून कडक होईपर्यंत, म्हणजे वीसेक अंशांनी तापवायला साधारण अर्धं युनिट लागतं. चार माणसांच्या चार बादल्या म्हणजे रोजची दोन युनिटं, महिन्याची ६०. पहिल्या टप्प्यातली निम्म्याहून जास्त युनिटं न्हाणीघरातच संपली! आणि हा झाला नुसता पाण्याचा हिशेब. गिझर सकाळी सहाला लावून नऊपर्यंत तसाच ठेवला तर टाकीतलं पाणी थंड होत राहतं, तो पुन्हा तापवत राहतो. म्हणून पाठोपाठ अंघोळी करा आणि शेवटच्या माणसाच्या आधी बटण बंद करा. टाकीतलं पाणी त्याला पुरतं. गिझरचा काटा ४५-५० वर ठेवा. काटा ७० वर ठेवून नंतर त्यात गार पाणी मिसळण्यात काय अर्थ आहे?

आपल्या पेठांमधल्या जुन्या घरांत अजून तांब्याचा बंब असतो. शिवाजी पेठेत माझं माहेर आहे, तिथं परड्यात बंब पेटायचा. नारळाच्या करवंट्या, शेणी, उसाचं चिपाड, सुतारकामाचा भुसा, जे मिळेल ते. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी, आणि एकदा पेटला की घरातल्या सात माणसांच्या अंघोळी. तळमजल्यावर, उघड्या परड्यात, धूर वर जायला जागा असेल आणि जळण आयतं मिळत असेल, तर आजही याच्यासारखं स्वस्त काही नाही. बंद बाल्कनीत मात्र बंब लावू नका, धुरानं डोळे आणि छाती जाते.

गॅस गिझरचं गणितही सांगते. वीस लिटरच्या बादलीला साधारण ४५-५० ग्रॅम गॅस लागतो, म्हणजे १४.२ किलोच्या टाकीत तीनशेच्या आसपास बादल्या. सध्याच्या टाकीच्या भावानं भागून बघा. तुमचा वीजवापर १०० च्या वर जात असेल तर गॅसवरची बादली विजेपेक्षा स्वस्त पडते, १०० च्या आत असेल तर दोन्हीत फारसा फरक राहत नाही. पण गॅस गिझर बंद न्हाणीघराच्या आत कधीही बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो, माणूस बसल्या जागी बेशुद्ध पडतो आणि अशानं जीव गेलेले आहेत. गिझर बाहेर आणि नळ आत, अशीच व्यवस्था असेल तर घ्या.

घर स्वतःचं असेल तर मात्र दुसरा विचारच नको, छतावर सोलर वॉटर हीटर बसवा. शंभर लिटरचा दोन-तीन माणसांना पुरतो. आपल्याकडं पाऊस जून ते सप्टेंबर ठाण मांडून बसतो, त्या दिवसांत पर्यायी सोय लागते. उरलेले आठ महिने पाणी फुकट. भाड्याचं घर बघतानाच गच्चीवर सोलर आहे का आणि त्याची लाईन तुमच्या न्हाणीघरात येते का, हे विचारा. भाडं दोनशे रुपये जास्त असलं तरी ते घर स्वस्त पडू शकतं.

पंखा, फ्रीज आणि बाकीचे

जुना ७५ वॅटचा पंखा दिवसाला पंधरा तास चालला तर महिन्याला ३४ युनिटं होतात. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० वॅटच्या आसपास घेतो, तेवढ्याच वेळात साडेतेरा युनिटं. एका पंख्यामागं महिन्याला वीस युनिटं वाचली. भाड्यानं राहत असलात तरी हा पंखा घ्यायला हरकत नाही, घर सोडताना काढून नेता येतो. ज्या खोलीत जास्त वेळ पंखा चालतो तिथं आधी लावा. पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून रात्रभर पंखा लावून ठेवायची आपल्याकडं सवय आहे. त्यासाठी कपडे आधी दारातल्या वाऱ्यावर निथळू द्या, घट्ट पिळा, मग दोन तासांचा पंखा पुरतो.

नवीन लोक पैसे वाचवायला जुना फ्रीज घेतात. त्यात बहुतेक वेळा फसगत होते. दाराचं रबर ढिलं असतं, यंत्र थांबतच नाही. घेण्याआधी दारात कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली तर रबर गेलंय. नवीन घेताना नुसते तारे मोजू नका, लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, त्याला बारानं भागा.

एसी कोल्हापुरात मार्च ते मे सोडले तर फारसा लागत नाही. त्या दिवसांतही वळीव झाला की रात्री खिडकी उघडून झोपता येतं. लावलाच तर २४ च्या खाली आणू नका, ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या म्हणण्याप्रमाणं एका अंशानं सहा टक्के वीज वाचते. टीव्हीचा सेट टॉप बॉक्स रिमोटनं बंद होत नाही. दहा वॅट धरले तरी महिन्याला सात युनिटं होतात, म्हणून भिंतीवरचं बटण बंद करा.

टीओडी, म्हणजे दिवसाच्या वेळेप्रमाणं दर लावणारा, स्मार्ट मीटर असेल तर आणखी एक गोष्ट. १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या विजेवर युनिटमागे ८० पैशांपासून सवलत आहे. वॉशिंग मशीन, इस्त्री, पाण्याची मोटर त्या वेळेत ढकला.

गॅस

टाकी दारात आली की आधी वजन करायला लावा. वाटप करणाऱ्याकडं काटा असायलाच हवा, हा तुमचा हक्क आहे. रिकाम्या टाकीचं वजन तिच्या वरच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, त्यात १४.२ किलो मिळवा. सील बघा. पट्टीवर चाचणीची तारीखही असते, इंग्रजी अक्षर आणि वर्ष. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. तारीख उलटलेली टाकी परत करा.

एकट्यानं राहणाऱ्या पोरांसाठी पाच किलोची छोटी टाकी ओळखपत्रावर मिळते. पण किलोमागे ती घरगुती टाकीपेक्षा महाग असते. वर्षभर राहणार असाल तर गावाकडची जोडणी बदलून आणा किंवा नवीन घ्या. गोदामातून स्वतः टाकी उचलली तर पोहोचवायचे पैसे बिलातून वजा होतात. हे वितरक आपणहून सांगत नाहीत, विचारावं लागतं.

आता शिजवण्याचं. डाळ, कडधान्य भिजवून कुकरला लावणं हे सगळ्यांना माहीत आहे. जाळ पिवळा दिसायला लागला की बर्नर सुईनं साफ करा. पिवळा जाळ म्हणजे भांडं काळं आणि गॅस वाया.

खरा गॅस रविवारी जातो, मटणाला. तांबडा-पांढरा कुकरमध्ये करा असं कुणी कोल्हापुरात सांगितलं तर ऐकून घेतलं जात नाही, आणि मलाही पातेल्यातल्या मटणाचीच चव आवडते. म्हणून माझ्या सासूबाई करायच्या तसं करा. मटण हळद-मीठ, आलं-लसूण लावून परतलं की पातेल्यावर खोलगट ताट ठेवा आणि ताटात पाणी ओता. वाफ बाहेर जात नाही, मटण स्वतःच्याच पाण्यात शिजतं आणि ताटातलं पाणी कढत होतं. तेच पाणी मटणात घाला, ताटात नवीन ओता. गार पाणी एकदाही आत जात नाही, त्यामुळं उकळी मोडत नाही. अळणी, म्हणजे मटण शिजलेलं पाणी, निघालं की पांढऱ्याला वेगळं आणि तांबड्याला वेगळं. एकदा उकळी आल्यावर जाळ बारीकच ठेवा, मोठ्या जाळावर पाणी जास्त लवकर शिजवत नाही, फक्त आटतं.

पाणी

काळम्मावाडी धरणातून शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन २०२३ च्या दिवाळीत सुरू झाली. त्यासाठी या गावानं किती वर्षं आंदोलनं केली ते आम्ही पाहिलंय, म्हणून गच्चीवरची टाकी वाहताना दिसली की माझा जीव तुटतो. पाण्याचं बिल मीटरवर, हजार लिटरच्या हिशेबानं लागतं. वाहून गेलेल्या पाण्यासाठी तुम्ही दोनदा पैसे देता: एकदा पाण्याचे आणि एकदा ते वर चढवणाऱ्या मोटरच्या विजेचे. एक एचपीची मोटर तासाला पाऊण युनिट खाते. टाकीत फ्लोट स्विच बसवा, पाणी भरलं की मोटर आपोआप थांबते.

गळका नळ मोजून बघा. रात्री खाली तांब्या ठेवा. आमच्याकडं लिटरभराचा तांब्या तीन तासांत भरला, म्हणजे दिवसाला आठ लिटर आणि महिन्याला २४० लिटर. वायसर बदलायला दहा मिनिटं लागली. फ्लशची टाकी मात्र आवाज न करता गळते. टाकीत चमचाभर हळद घाला आणि अर्धा तास फ्लश करू नका. खाली पाणी पिवळं दिसलं तर आतलं रबर बदला. वरच्या खोल्यांत एका वर्षी पाण्याचं बिल अचानक वाढलं होतं. सगळे नळ तपासले, कारण सापडेना. शेवटी हळदीनं दाखवून दिलं.

पुराच्या पट्ट्यात, म्हणजे दुधाळी, शाहूपुरी, नागाळा पार्कच्या नदीकडच्या भागात घर घेत असाल तर मीटर आणि मोटर किती उंचीवर आहेत ते बघा. २०१९ आणि २०२१ ला कितीतरी मोटरी पाण्याखाली गेल्या.

भरायचं कधी आणि कसं

विजेच्या बिलावर दोन तारखा असतात. लवकर भरण्याच्या तारखेआत भरलं तर एक टक्का सूट आहे, ऑनलाईन भरलं तर आणखी पाव टक्का. ही सूट कर आणि शुल्क सोडून उरलेल्या रकमेवर मिळते. मुदत चुकली तर उलट सव्वा टक्का विलंब आकार. कागदी बिल नको म्हणून गो-ग्रीनला नाव नोंदवलं तर बिलामागे दहा रुपये कमी, वर्षाचे १२०. रक्कम लहान आहे, पण एकदाच नोंदवायचं असतं. "आज रात्री तुमची वीज तोडली जाईल, या नंबरवर फोन करा" असा मेसेज अनोळखी मोबाईलवरून आला तर फोन करू नका. चोर आहेत. ॲपवर आपलं बिल बघा.

स्वतःचं घर असेल तर घरफाळाही वर्षाच्या सुरुवातीलाच भरा, लवकर भरणाऱ्यांना महापालिका सूट देते.

छत तुमचं असेल तर प्रधानमंत्री सूर्यघर योजनेचा विचार करा. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३०,००० रुपये आणि तीन किलोवॅट किंवा जास्त बसवलं तर एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे. एक किलोवॅटमधून महिन्याला सरासरी १२० युनिटं मिळतात. आपल्याकडच्या जुलै-ऑगस्टमध्ये बरीच कमी, उन्हाळ्यात जास्त. महिन्याला ८०-९० युनिटं वापरणाऱ्याला मी घाई करू नका म्हणेन, २०० च्या वर जाणाऱ्यानं लगेच अर्ज करावा. अपार्टमेंटच्या लिफ्ट आणि मोटरसाठी सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० मिळतात. सभेत विषय काढा, मेंटेनन्स कशामुळं वाढतोय ते सगळ्यांनाच जाणून घ्यायचं असतं.

घर सोडताना

आलात तेव्हा काढला तसाच फोटो जाताना काढा. शेवटच्या बिलानंतरची युनिटं मोजून मालकांना त्याच दिवशी पैसे द्या आणि तसं मेसेजवर लिहून घ्या, म्हणजे अनामत रकमेतून अंदाजानं कपात होणार नाही. पाण्याचा मीटर वेगळा असेल तर त्याचाही फोटो घ्या. गॅसची जोडणी दुसऱ्या गावी न्यायची असेल तर टाकी आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफर व्हाउचर घ्या, आणि त्यासाठी जोडणी घेताना मिळालेला अनामतीचा कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवा. वरच्या खोल्यांतली पोरं तो कागद नेहमी हरवतात. म्हणून आता मीच त्यांना पहिल्या दिवशी एक प्लॅस्टिकची पिशवी देते आणि मीटरच्या फोटोची प्रत, बिल, गॅसचा कागद तिच्यात घालून कपाटाच्या आतल्या खिळ्याला अडकवायला लावते.